दिपाच्या एडिटरमधली ओळ

सेनगावच्या शाळेत शिकवणारी दिपा २००६ च्या सुमारास तांड्यावरच्या रुख्मिणीकाकूंची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची. लिहायचा एडिटर तिनं स्वतः प्रोग्राम लिहून आपल्या हाताला बसेल असा करून घेतला होता. पहिला शब्द टाइप केला की जुन्या नोंदींतून उरलेली ओळ आपोआप पुढं यायची.

काकू वारल्या. महिन्याभरानं दिपानं ‘विहिरीच्या’ एवढंच टाइप केलं आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘विहिरीच्या काठी घागर माझी, पाण्यात माझी लेक.’

तिनं सगळ्या नोंदी धुंडाळल्या. ही ओळ कुठंच नव्हती. दोन गाण्यांचे तुकडे जुळले असतील, असं मनाशी म्हणत तिनं तांडा गाठला आणि काकूंच्या जावेला ती ओळ वाचून दाखवली.

म्हातारीचा हात सुपातच थांबला. “हे तुला कुनी सांगितलं? तिची पोरगी बुडाली त्या दिवशी ती एकदाच म्हनली व्हती. मंग कधीच न्हाई. तवा तू जन्मली बी नव्हतीस.”

घरी येऊन दिपानं ओळ आपोआप पुरी करणारा तो प्रोग्राम काढून टाकला. काकूंची लिहायची राहिलेली गाणी तिनं एकेक अक्षर टाइप करून लिहिली. फाइलीत उमटलेली ती ओळ मात्र तिच्यानं पुसवली नाही.