राणी नव्हती, तरी थांबले

दुपारपासून डोकं फिरलंय माझं.

मुलुंडला आमच्या सोसायटीत पत्त्यांचा डाव बसतो, ब्रिजचा. आज माझ्याविरुद्ध सावंतकाकू होत्या, मला हा खेळ शिकवणाऱ्या. इस्पिकची राणी माझ्याकडे की माझ्या पार्टनरकडे, एवढंच त्यांना ओळखायचं होतं. त्यांनी गुलाम टाकला. राणी माझ्याकडे नव्हती, तरी मी मुद्दाम थांबले, विचारात पडल्यासारखं केलं. ब्रिजमध्ये असं खोटं थांबणं ही चक्क लबाडी आहे, ठाऊक होतं मला. काकूंना वाटलं राणी माझ्याकडेच. त्या तसंच खेळल्या, राणी पार्टनरकडून पडली आणि त्यांचा डाव गेला.

पार्टनर म्हणाला, "झकास!"

काकू म्हणाल्या, "वय झालं गं. माणूस वाचता येत नाही आता. पुढच्या रविवारी मला धरू नका."

तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

काकू चुकल्याच नव्हत्या. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, सांगा ना?