मंजुनाथनं न चाखलेली जिन

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माणसाचं चारित्र्य ठरवायला नाक पुरतं. मंजुनाथच्या शर्टाला दारूचा वास येतो, म्हणजे मंजुनाथ पितो. संपला विषय. मी त्याच्या शेजारी राहतो, लग्नपत्रिका छापतो आणि शाळेपासून त्याला ओळखतो. पण माझी साक्ष कोण काढणार? त्याचा दोस्त म्हटल्यावर मीही त्याच माळेतला मणी.

मंजुनाथ होटगी रस्त्यावरच्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागं उभा असतो. वय एकेचाळीस. घर लिंगायताचं, म्हणून शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. पेठेतले जे भले लोक घरी लिंग खुंटीला अडकवून त्याच्या काउंटरवर कोपर टेकायला येतात, तेच सकाळी कट्ट्यावर बसून म्हणतात, बसव्वाचं पोरगं वाया गेलं. मला याचा फार राग येतो. मंजुनाथला येत नाही. त्याला त्याची सवय झाली आहे, आणि मला तेच जास्त लागतं.

खरी गोष्ट अशी की या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब ओठाला लावलेला नाही. हॉटेलचं शिक्षण घ्यायचं म्हणाला तेव्हा वडील खवळले होते. लिंगधारी पोरगा दारू ओतणार, यापेक्षा हमाली कर म्हणाले. त्याची आई, बसव्वामावशी, मधे पडली. पूजेला बसवून, डाव्या तळहातावर लिंग असताना तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं, की ओतीन, पण ओठाला लावणार नाही. त्यावर वडील गप्प बसले. पुढं ते वारले. मंजुनाथनं शब्द पाळला.

बरं, काम त्याला मनापासून आवडतं. तीच तर पंचाईत. नुसता थेंब तळहातावर चोळून वास घेतो आणि आत काय काय पडलंय ते सांगतो. वासापलीकडच्या चवीसाठी त्यानं सिद्धाप्पा नावाचा वेटर धरला होता. सिद्धाप्पा चाखायचा, हा विचारायचा आणि गिऱ्हाइकाला तेच सांगायचा. उसनी जीभ म्हणा ना. पण हे कौशल्य सोलापुरात कुणाला हवंय? श्रीपूर-अकलूजची ऊसवाली मंडळी येतात, सोडा आणि शेंगदाणे मागवतात, मंजुनाथनं ग्लासाच्या काठाला लिंबाची साल घासली की विचारतात, हे कशाला?

पितो म्हणून सोयरीक जमेना आणि पीत नाही म्हणून धंद्यात बढती मिळेना. मोठ्या शहरातली हॉटेलं आधी चाखायला लावतात, त्यामुळं तो अर्जच करत नसे. बारला खिडकी नाही. आत-बाहेर करायला एकच दार, तेही स्वयंपाकघरातून. एकदा मला म्हणाला, "मला दोन्हीकडनं कडी घातली हाय." नंतर तो विषय त्यानं काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मालक कुमारशेठनी हौसेनं जपानी जिन मागवली. छोट्या भट्टीतली, थोडीच निघते, किंमत ऐकून सिद्धाप्पानं बाटली दोन्ही हातांनी धरली. मंजुनाथनं बूच काढलं आणि तसाच उभा राहिला. त्यात तिकडचं एक लिंबू होतं, आपल्या ईडलिंबाच्या सालीला जवळचं. हिरवा चहा होता. आणि एक तिकडचं मिरं, त्याचा वास त्याला तिरफळासारखा आला. आठवडाभर तो माझ्याशी दुसरं काही बोलला नाही. प्रेमात पडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या पत्रिका छापतो मी. हा तसाच दिसत होता.

मग निरोप आला, की जिन विकणाऱ्या कंपनीच्या अक्षता मॅडम बेंगळुरूहून येणार आहेत. त्यांना तिथल्या नव्या बारसाठी ही जिन ओतणारा, समजावून सांगणारा माणूस हवा होता, आणि कुमारशेठनी मोठ्या मनानं मंजुनाथचं नाव सुचवलं होतं. बसव्वामावशीला हे कळलं तशी ती म्हणाली, तू जा, मी अक्कलकोटला बहिणीकडं राहीन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कडी निघायची चिन्हं दिसली.

मॅडम आल्या त्या दुपारी तो त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलला. बर्फाचा एक मोठा खडा, मोजकी जिन, सोडा हळूच कडेनं, वरून ईडलिंबाची साल. मॅडम खूश झाल्या. वासाबद्दल त्यानं जे सांगितलं ते त्यांनी मान हलवून मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, गिळल्यावर शेवटी काय उरतं? सिद्धाप्पानं सांगितलं होतं तेच यानं सांगितलं, की काही नाही, थोडं गोडसर आणि स्वच्छ.

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. त्या मिऱ्यानं जिभेला मुंग्या येतात, टोक बधिर होतं. त्यासाठीच तर ते घालतात. आता हे सिद्धाप्पाला कुठून कळावं? तो दिवसभर गालात तंबाखूचा मावा धरून असतो. त्याची जीभ वीस वर्षांपूर्वीच बधिर झालेली. ज्याला आधीच काही कळत नाही त्याच्या जिभेवर मंजुनाथनं आपलं नशीब ठेवलं होतं.

"तुम्ही ही चाखली आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आता एक घोट घ्या, तोंडात फिरवा आणि थुंकून टाका, आम्ही सगळे तेच करतो. कुमारशेठ मागून खुणावत होते. मंजुनाथनं ग्लास उचलला. ओठापर्यंत आणला. नंतर मला म्हणाला, तेवढ्या जवळून वास कधी घेतलाच नव्हता, डोळ्यांत पाणी आलं. पण दिलेला शब्द न गिळण्याचा नव्हता, ओठाला न लावण्याचा होता. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि माफी मागितली. न चाखता शिकवणारा माणूस नेता येणार नाही, असं मॅडम हळहळत म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी तो लवकर घरी आला. काय झालं ते विचारायला मी गेलोच होतो. बसव्वामावशी भाकरी थापत होती. त्यानं भिंतीला टेकून सगळं सांगितलं, ओठापर्यंत आणलेल्या ग्लासासकट. तिचा हात थांबला.

"अरे, मग घ्यायचा की एक घोट. रोज घेतोसच की."

"मी घेत न्हाय, अव्वा. कदीच घेतली न्हाय. तू आण घातली हुतीस."

"ती तुज्या अप्पांना बरं वाटावं म्हणून. त्ये गेले तवाच सुटली की." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन् माज्याशी कशाला खोटं बोलतोस? शर्ट मीच धुते न्हवं? मी तुला कवाच माफ केलंय, मंजू. तोंडाचा वास जावा म्हणून रोज तुज्या खिशात लवंगा कशाला टाकत हुते मग?"

त्याचा हात शर्टाच्या आत डबीकडं गेला. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आता लिंगाची खोटी आण घेऊ नगंस." ती रागावली नव्हती. मायेनंच म्हणाली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, मावशी, खरं हाय, यानं कदीच घेतली न्हाय.

बसव्वामावशी भाकरी उलटत हसली.

"तू त्याचा दोस्त. तू असंच म्हणणार की."