माझ्या मनाचा डॉक्टर शांताला मानवला

बहात्तरचा दुष्काळ ओसरला त्या वर्षी मला माझ्याच वर्गाची भीती वाटू लागली. मी सोलापुरात मास्तर होतो, त्यामुळे पंचाईत. खडू हातात घेतला की छाती धडधडायची, फळ्याकडून पोरांकडे वळवायचंच नाही. हेडमास्तरांनी महिनाभर रजा दिली आणि बजावलं, नीट होऊन या, नाहीतर ऑफिसात कारकुनी करा.

मनाचा डॉक्टर तेव्हा शोधावा लागे (आणि सापडला की लपवावाही लागे). बायकोला, शांताला, मी दाढ दुखते म्हणून सांगितलं. पहिले डॉक्टर बोलतच नव्हते. अर्धा तास ते माझ्याकडे पाहत राहिले, शेवटी मीच त्यांची तब्येत विचारली. दुसऱ्या डॉक्टरांचा मुलगा त्यांचं ऐकत नव्हता. ती कहाणी तासभर ऐकून, त्यांना धीर देऊन मी बाहेर पडलो.

तिसऱ्या डॉक्टर एक वयस्क बाई होत्या. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं. इन्स्पेक्शनला साहेबांसमोर गणित चुकलो, सगळा वर्ग हसला, तेव्हापासून. बाई हसल्या नाहीत. त्या मला तिथेच मानवल्या.

पण चार वेळा दाढ काढायला गेलेला नवरा बत्तीस दात घेऊनच परत येतो, हे शांताने मोजलं होतं. पाचव्या वेळी ती मागोमाग आली आणि दवाखान्यातल्या बाकासमोर उभी राहिली.

"दात हितं काढत्यात व्हय?"

मी काही बोलायच्या आत बाईंनी दोघांनाही आत बोलावलं. शांताला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती मंद्रूप गावची, मोठ्याने बोलणारी. पण तेव्हा पदराशी चाळा करत हळूच बोलली.

"रजा घेतल्यापास्नं हे माझ्याशी धड बोलल्यालं न्हाईत. मला वाटलं, माझाच कंटाळा आलाय."

 घरी जाताना रस्ताभर मी तिला सगळं सांगितलं, चुकलेल्या गणितासकट. ते गणित तिने चालता चालता तोंडी सोडवलं. दुसऱ्या दिवसापासून ती चटईवर विद्यार्थिनी होऊन बसू लागली, शंकाही काढू लागली. तिच्यापुढे टिकलो, मग रजा संपल्यावर पोरांपुढे टिकणं सोपं गेलं.

बाईंकडे जाणं मात्र थांबलं नाही. शांता पुढे वर्षभर दर गुरुवारी आत बसून मनमोकळं बोलायची. मी बाहेर बाकावर पिशवी सांभाळत असायचो. फाइलवर पेशंट म्हणून नाव अजून माझंच होतं!