हद्दीत आलेलं गाव

आई सरपंच झाली ती आरक्षणामुळं. सुरुवातीला ग्रामसभेत तिच्या वतीनं वडीलच बोलायचे. एका उन्हाळ्यात बोअर आटली, तेव्हा तिनं एकटीनं तालुक्याला चकरा मारून टँकर आणला. त्यानंतर वडिलांना कुणी विचारेना.

तिची मुदत निम्मी बाकी असताना शहराच्या हद्दवाढीत आमचं गाव जाणार, असं कानावर आलं. रस्त्याकडेला जमीन असलेले खूश झाले. बाकीच्यांनी ग्रामसभेत हात वर करून विरोधाचा ठराव केला. सुनावणीला मी आईला गाडीवर बसवून सोलापुरात सात रस्ता चौकापलीकडच्या कचेरीत घेऊन गेलो.

साहेब सभ्य होते. "ताई, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. निर्णय मात्र शासनाचा असतो."

"मग आमाला बोलीवलं कशाला?" आईनं विचारलं.

साहेबांनी चहा मागवला. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून आईनं तो घेतला.

पुढं अधिसूचना निघाली, ती आम्हाला मोबाईलवरच कळली. ग्रामपंचायत बरखास्त झाली. ग्रामसेवकानं दप्तर गाडीत भरलं, पाणी सोडणाऱ्या माणसाची बदली झाली. शहराची निवडणूक अजून व्हायची होती, त्यामुळं गावाला सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही.

अशात शाळेजवळ पाईप फुटला. बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात आल्या. "वहिनी, तुमी सांगा की कुणाला तरी."

आईनं महापालिकेच्या झोन ऑफिसला फोन लावला. पलीकडून विचारलं, "आपण कोण?"

आतापर्यंत या प्रश्नाला आईचं उत्तर तयार असायचं. या वेळी ती हळूच म्हणाली, "हितलीच हाय. गावातली बाई."

ॲपवर तक्रार करा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. तक्रार मी केली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी तो वाचून दाखवला तेव्हा पाणी रस्त्यावरून गटारात वाहतच होतं. आई म्हणाली, "परत एकदा वाच." मी वाचला.

शेवटी वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी सायकलची ट्यूब कापून पाईप आवळून बांधला. गळती थोडी कमी झाली, थांबली मात्र नाही. आता बायका येत नाहीत. वाटेत भेटल्या तर आईशी लग्नकार्याचं बोलतात, पावसाचं बोलतात. पाण्याचा विषय कुणी काढत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून असेल.