मापावरची मूठ

भोरच्या सायबर कॅफेत मी बातम्या पाठवायला जायचो, तेव्हा उत्रोलीचे एक गृहस्थ बहुतेक शेजारच्या संगणकावर असत. कंपनीतली कायम नोकरी सोडून ते पासली गावचा आंबेमोहर तांदूळ इंटरनेटवर विकत होते. आलेल्या ऑर्डरच्या रकमेवर बोट ठेवून ते म्हणत, "ही आजची कमाई." तांदळाची खरेदी, कुरिअर, वेबसाइटचा वाटा, एसटीचं भाडं यांतलं काहीही ते त्यातून वजा करत नसत.

पिशवीसकट पाच किलो भरले, की ते वर एक मूठ तांदूळ टाकत. बाजारातली जुनी रीत. त्या मुठीने वजन पाचाच्या पुढे जाई आणि कुरिअरवाला सहा किलोंचे पैसे लावी.

"तुमचा नफा या मुठीत जातोय," मी एकदा म्हणालो.

"नुसतं माप कसं द्यायचं?"

"गिऱ्हाईक बंगळूरला आहे. त्याला काय दिसतंय?"

"मला दिसतंय की."

होळीच्या सुमारास त्यांनी मला उत्रोलीला घरी जेवायला नेलं. ते खुशीत होते. "या महिन्यात भांडवलच लागलं न्हाई. सगळा नफा."

"मग तांदूळ कुठून आणला?"

त्यांनी माजघराकडे बोट दाखवलं. वर्षभर खायला राखलेल्या भाताची कणगी तळापर्यंत रिकामी होती.

त्यांच्या पत्नीने माझ्या ताटात भात वाढला. "दमानं चावा, भावजी," त्या म्हणाल्या. "रेशनचा हाय. खडा लागंल."