माझा सेन्सार गेला तेव्हा

आमच्या गाडीला उजवीकडं वळायचं असलं की तिचा पेट्रोलचा काटा मान डोलवायचा. इंडिकेटरनं टिक केलं की काटा खाली, पुन्हा टिक केलं की वर. हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे आणि खड्डा आला की इंजिनच बंद. जिंतूर ते बोरी हा माझा रोजचा शाळेचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर खड्डा नाही अशी जागा शोधावी लागते. समोर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा तर देवापुढच्या समईसारखा कायम तेवत असायचा.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. दिवाळीत ह्यांनी स्वतःच्या हातानं गाडीला नवी बॅटरी बसवली होती. त्याचा फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्यामुळं "मी माझ्याकडून सगळं केलं, गाडीच आता म्हातारी झाली, मोडीत काढ," असं ह्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून घरातला दहा नंबरचा पानाही सापडत नव्हता आणि त्याचा आळ माझ्यावर होता. "ह्या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही!"

गाडी मोडीत काढायला माझी ना होती. चाळिसाव्या वर्षी मी ती शिकले. शिकताना शाळेच्या फाटकाचा खांब पाडला, त्याची चेष्टा अजून होते. त्याआधी पंधरा वर्षं मी ह्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून शाळेत गेले, आणि पंधरा वर्षं रोज, रोज म्हणजे रोज, "आटप गं, तुझ्यामुळं मला उशीर" हे ऐकलं. गाडी गेली की मी परत त्या सीटवर. मेले तरी बसणार नव्हते.

तर ह्यांनी मला न विचारता पुढच्या रविवारी एका गिऱ्हाइकाला गाडी बघायला बोलावून टाकलं. माझं डोकंच फिरलं. मी बोलणं टाकलं. "जेवण वाढलंय" हेसुद्धा मी भिंतीला सांगायचे. मग ह्यांनीही भिंतीला सांगितलं, की रविवारच्या आत दोष सापडला तर गाडी राहील, नाहीतर जाईल.

आमचे मिस्त्री चाचा नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे. पण ह्या गाडीपुढं त्यांनीही हात टेकले. "म्याडम, ह्याच्यात सेन्सार बहुत हायेत." ते सेन्सरला सेन्सार म्हणायचे. आठवडाभर त्यांच्या गॅरेजात बसून बसून मीही सेन्सारच म्हणायला लागले. त्यांनी परभणीहून एक स्कॅनरवाला बोलावला. त्यानं स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि पडद्यावर बघून सांगितलं, क्रँकचा सेन्सर. तो बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा हजर! आता म्हणे थ्रॉटलचा. तोही बदलला, तर मग तापमानाचा. पाचवीच्या वर्गात खडू कोणी फेकला म्हणून विचारावं आणि रोज वेगळ्याच पोराचं नाव पुढं यावं, तसला प्रकार.

शुक्रवारी सकाळी गाडी बोरीच्या अलीकडं बंद पडली आणि तेवढ्यात आईचा फोन आला. आई चारठाण्याला असते. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि फोन ती डाव्याच कानाला लावते. उजवा कान म्हणे घरात कोण काय बोलतंय ते ऐकायला लागतो.

"काय करायलीस माय?"

"काय करू? सेन्सार गेला माझा."

"गेला? आसा कसा गेला?"

"दिवाळीपासून कुरकूर होतीच. आता काही केलं तरी ठीकच होईना."

"आन जावईबापू काय म्हणायलेत?"

"त्यांचं एकच, मोडीत काढ. रविवारी माणूससुद्धा बोलवलाय."

तेवढ्यात मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारायला सुरुवात केली, म्हणून मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं आई दारात हजर. हातात ही भली मोठी पिशवी. मी स्वयंपाकघरात होते आणि दार ह्यांनी उघडलं. आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जावईबापू, आदी मला सांगा, संसार बिघडला म्हणून कुनी मोडीत काढतं का?"

ह्यांना वाटलं, सेन्सार. सासूला हे मामी म्हणतात. "मामी, एकदा बिघडला असता तर ठीक होतं. हा रोजच बिघडायलाय."

"मग काय बदलायचा?"

"बदलूनच बघितला की. तीनदा."

"तीनदा!" आईचा आवाज चिरकला. "आन आमाला पत्ता न्हाई!"

"तुम्हाला कशाला घोर, म्हणून हिनं सांगितलं नसंल. आता परत नवा आणायचा म्हणजे कठीण. परभणीत वापरलेला मिळतो म्हणे, पण वापरलेल्याचा काय भरवसा?"

"आगं माय माय माय!" आई मटकन खाली बसली.

आता माझ्या ध्यानात आलं. बाहेर जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, मी चहाखालचा गॅस मुद्दाम बारीक केला.

"ती काय येवढी म्हातारी झाली का हो?" आईनं विचारलं.

"झालीच की मामी. चढ आला की धापा टाकायली. आणि आवाज तर असा काढते की अख्खी गल्ली गोळा होते."

हे मात्र अति झालं. मी उलथनं घेऊन बाहेर आले. "आवाज? कोण काढतंय आवाज?"

आठ दिवसांनी मी ह्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. हे म्हणाले, "गाडी." आई म्हणाली, "कोनती गाडी?" मग मी सगळा उलगडा केला. हे हसून हसून खोकायला लागले. आई हसली नाही. ती पदर डोळ्याला लावून रडली, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! चल, दाव मला तुझा सेन्सार."

आम्ही तिघं गाडी घेऊन गॅरेजात गेलो. चाचांनी बॉनेट उघडलं आणि आईला खुर्ची दिली. आईनं रोग्याची करावी तशी चौकशी केली.

"सगळेच सेन्सार आजारी?"

"हां अम्मा. रोज नवा."

"मग त्यांना कामून धरायलाव? घरातल्या समद्यांना एकदम हगवण लागली तर लेकरांना दोष न्हाई द्यायचा. आडातलं पानी बघायचं."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! अर्थ!"

अर्थ म्हणजे बॅटरीपासून निघून गाडीच्या पत्र्याला जोडलेली जाड काळी तार. सगळे दिवे, सगळे काटे, सगळे सेन्सर शेवटी तिच्यावरच येऊन टेकतात. चाचांनी बॅटरीशेजारी हात घातला तर तिचा नट नुसत्या बोटानं गरागरा फिरला. बसवणाऱ्यानं त्याला पाना लावलाच नव्हता. आणि पाना कुठं होता? चाचांनी बॅटरीच्या खालच्या खाचेतून तो बाहेर काढला. दहा नंबरचा.

मी तो घेऊन ह्यांच्यापुढं धरला.

"म्याडम, सेन्सार तुमचा एकदम चोख हाय," चाचा म्हणाले. "अर्थ तेवढा ढिला होता."

"अर्थच ढिला म्हणल्यावर संसार काय करंल बिचारा?" आई ह्यांच्याकडं बघून म्हणाली.

ह्यांनी मुकाट्यानं पाना घेतला आणि घाम येईपर्यंत नट आवळला. मी किल्ली फिरवली. उजवा इंडिकेटर लावला. काटा ढिम्म. हॉर्न दाबला, दिवे लख्ख. चाचांनी काढलेले तिन्ही सेन्सर कागदात गुंडाळून परत दिले. बिचारे उगाच बदनाम झाले होते. ह्यांनी तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला. "गाडी नाही विकायची. आमच्या मॅडमची आहे ती." मग माझ्याकडं वळून, भिंतीकडं नाही, म्हणाले, "चुकलं माझं."

दुपारी आईला सोडायला मी चारठाण्याला निघाले. वाटेत एकदाही दिवा लागला नाही. घरापाशी उतरताना मी तिची ती भली मोठी पिशवी उचलली आणि ती जवळजवळ हवेतच गेली. रिकामी होती.

आत गेले तर मधल्या खोलीतली सोयाबीनची पोती ओसरीवर आलेली. खोली झाडून पुसून लख्ख. खाटेवर धुतलेली चादर. खिडकीशी एक टेबल, खुर्ची आणि नवा बल्ब.

"हे कशाला गं?"

"तुला वह्या तपासाय लागत्यात न्हवं?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा एसटीनं रडत इथं आले होते. तेव्हा ह्याच आईनं, भांड्याला भांडं लागतंच म्हणत, दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवून मला परत पाठवलं होतं. तो राग मी वीस वर्षं मनात धरला होता. ती रिकामी पिशवी हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले आणि मला रडू फुटलं.

"मला न्यायला आली होतीस तू?"

"मग काय तुझा सेन्सार बघाय आले होते? येकदा लावलं माघारी. दुसऱ्यांदा न्हाई लावनार." तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, घडी घातली आणि खाटेच्या उशाशी ठेवली. "खोली राहू दे आशीच. मनाला आलं की येत जा. पन गाडी घिऊन ये बरं. यष्टीतून उतरलीस तर माझं काळीज हलंल."