सुनेचं रक्त आन् म्हशीची धार

२०१८ साल. मी तवा एकाहत्तरचा. शाळा दुसरीपर्यंत, पण डोकं शाबूत हाय. आमी पेडगावची बौद्ध माणसं. घरातले देव माझ्या बापानंच नदीत सोडले. करणी, शकुन... असलं मी कधी मानलं न्हाई, आजही मानत न्हाई. तरी लिहितो, कारण घडलंय.

आमच्या बाया म्हणतात, पोटुशी बाईला म्हैस धार देत न्हाई. मी हसायचो. माझी सून सुजाता, तिला दिवस गेले तवा ती रोज पिळायची त्याच म्हशीनं तिला खरंच जवळ येऊ दिलं न्हाई. मी म्हणलो, योगायोग.

सोनोग्राफीत लेकरू दिसलंच न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, द्राक्षगर्भ हाय — वारच बिघडून द्राक्षाच्या घडासारखी वाढलीय. गर्भाशय साफ केलं. मग दर आठवड्याला परभणीला रक्ततपासणी. गरोदरपणाचं हार्मोन उतरत गेलं पाहिजे. पुन्हा चढलं तर कॅन्सरची भीती. तपासण्या चालू हायत तोवर दिवस जाऊ द्यायचे न्हाईत, न्हाईतर आकडा कशानं चढला ते कळत न्हाई.

आकडा नॉर्मल झाला. म्हैसही सुजाताला धार द्यायला लागली. आता महिन्याला या, बाई म्हणाल्या. माझा पोरगा, तिचा नवरा, म्हणाला, बास झालं. तपासणी थांबली.

आन् एका संध्याकाळी म्हशीनं लाथ मारून सुजाताची चरवी उलटवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला धार दिली, तिला न्हाई. मी सुनेला सरळ विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "न्हाई मामा. दिवस न्हाईत गेले."

"मग उद्याच रक्त द्यायचं."

पोरगा चिडला. "आबा, काय करायलात? म्हशीच्या लाथेवर कुणी रक्त तपासतं का? लोकं हसतील."

"लोकांला हसू दे. म्हैस हसायली न्हाई ना? तू येतो का मी नेऊ?"

तोच घेऊन गेला.

आकडा चढलेला निघाला. सोनोग्राफीत गर्भ न्हाई — आजारच परत आलेला. वेळेत आलात, नांदेडच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्या, बरं होतं, बाई म्हणाल्या. आन् झालं, आज सुजाता ठणठणीत हाय.

म्हशीचं मी बाईंना सांगितलं. वासानं कळलं असेल, म्हणाल्या, पण खात्री न्हाई. मलाही न्हाई.

रिपोर्ट आला त्या रात्री पोरगा जेवला न्हाई. सकाळी सुजाता नको नको म्हणत असताना तिची बॅग मी माझ्या खांद्याला अडकवली, आन् नांदेडच्या गाडीत पुढं घुसून तिला खिडकीजवळ जागा धरली.